जेसीबीला थोडं थांबायला सांग

चि. चिऊस,


तुझी यादी पोचली. फोनवर अक्षरं मोठी करून वाचली, तरी निम्मी नावं जिभेला वळली नाहीत. सॅक्सिफ्रेगा काय, ऑब्रिएटा काय! थंड प्रदेशातल्या डोंगरांवर वाढणारी ही मंडळी तुझ्या साहेबांनी चौक गावाजवळच्या फार्महाऊससाठी काढली आहेत, आणि त्यांतलं मे महिन्यात काय तगेल असं तू मला विचारतेस. काहीच तगणार नाही. वैशाखात भर दुपारी तिथल्या खडकावर अनवाणी उभी राहून बघ, म्हणजे कारण सांगायला मी लागणार नाही.

तुझा दुसरा प्रश्न मात्र मला आवडला. या दिवसांत आपल्याकडे खडकावर आणि झाडीत मुळात फुलतं तरी काय, असं तू विचारलंस. इथे जागा घेणारे बंगलेवाले हे कधी विचारत नाहीत. ते सातबारा बघतात, कुंपण घालतात आणि थेट नर्सरी गाठतात. तू विचारलंस म्हणून हे पत्र, आणि ते लांबणार आहे. फोनवर एवढं बोलत बसले तर तू मधेच ‘आजी, मीटिंग आहे’ म्हणून ठेवून देशील.

रॉक गार्डनची हौस मूळची विलायतेतली. तिथले लोक आल्प्समध्ये भटकायला जात, कडेकपारीतली इवली फुलझाडं त्यांच्या मनात भरत, आणि घरी परतल्यावर ते बागेत दगड रचून त्यांत ती लावत. लंडनच्या क्यू बागेत १८८२ साली असा खडकाळ भाग मुद्दाम बांधून काढला. पुढे रेजिनाल्ड फॅरर नावाच्या गृहस्थाने १९०७ मध्ये ‘माय रॉक गार्डन’ हे पुस्तक लिहिलं आणि कितीतरी इंग्रजांना या नादी लावलं. त्यांचं मी समजू शकते. परसात खडक नव्हता, म्हणून त्यांना तो आणावा लागला. तुमचं काय? तू पाठवलेल्या फोटोत प्लॉटच्या वरच्या अंगाला सबंध काळा कातळ उघडा पडलेला दिसतोय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचा पत्थर झाला, त्याचाच तो तुकडा. आणि तुझ्या नकाशात पहिली ओळ काय, तर जेसीबी लावून तो फोडायचा, वर लाल मातीचे डंपर ओतायचे, लॉन पसरायचं आणि मग कोपऱ्यात शोभेला ट्रकभर गोल गोटे आणून रॉक गार्डन करायचं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आता फुलांकडे वळू. वसंत म्हटलं की लोकांना पळस, पांगारा आणि काटेसावर आठवतात. त्यांची आरास होळीच्या आगेमागे असते आणि पाडवा उलटला की ओसरायला लागते. ती गाडीच्या खिडकीतूनही दिसते, त्यामुळे तिचे फोटो भरपूर निघतात. त्यानंतर अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत डोंगर लांबून नुसता तपकिरी दिसतो, आणि फोटोवाले पाऊस पडेपर्यंत फिरकत नाहीत. तू विचारतेस ती फुलं याच दिवसांतली. ती बघायला कुठे वाकावं लागतं, कुठे मान वर करावी लागते, आणि एकासाठी तर संध्याकाळ व्हायची वाट बघावी लागते.

तो संध्याकाळवाला म्हणजे रानकांदा. कोणी त्याला कोळकांदा म्हणतं. तुझ्या त्या कातळाच्या भेगांत तो असण्याची दाट शक्यता आहे, पण आत्ता जाऊन शोधशील तर सापडायचा नाही, कारण उन्हाळ्यात त्याला एकही पान नसतं. फटीतल्या मातीत कांदा दडलेला असतो आणि त्यातून एक सरळसोट दांडा वर येतो. दिवसा त्याच्याकडे बघून गवताची वाळकी काडी समजशील आणि पुढे जाशील. उन्हं कलली, खडक जरा निवायला लागला, की दांड्यावरच्या कळ्यांपैकी तळाकडच्या थोड्या उमलतात. मातकट पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या पाठीवर तपकिरी-हिरवट पट्टा, फुलाची मान खाली, आतले पुंकेसर पिवळसर. तांबडं फुटेस्तोवर त्यांचं काम आटोपतं आणि ती मिटतात. दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या वरच्या कळ्यांची पाळी. बहर असा रोज थोडा थोडा वर चढतो, आणि शेंड्याची फुलं उमलेपर्यंत खाली बोंडं धरलेली असतात. बोंडात काळं, चपटं, वाऱ्यावर उडेल इतकं हलकं बी. पाऊस सुरू झाला की मग पानं येतात, चार महिने कांदा पोसतात आणि वाळून जातात. कांदा विषारी आहे, थेट हृदयावर परिणाम करतो, त्यामुळे तुझ्या साहेबांना तेवढं सांगून ठेव. जागेच्या मालकांकडे लहान मुलं येत असतील.

आणि हेही सांग की त्या कातळावर ठिबकच्या नळ्या फिरवायच्या नाहीत. उन्हाळाभर झोपलेल्या कांद्याला रोज पाणी पाजलं तर तो कुजतो. आपल्या इथल्या खडकावरच्या झाडांना तहान सोसायची सवय आहे. लाड केले की ती मरतात. शहरातून आलेल्या माणसाला हे पटवणं फार अवघड जातं, कारण पाणी घालणं म्हणजेच बागकाम अशी त्याची समजूत असते.

कातळाच्या कडेला काटेरी जाळ्या दिसताहेत, त्या करवंदीच्या असाव्यात. त्यांचा पांढरा सुवासिक बहर मे उजाडेपर्यंत संपलेला असेल आणि फळं काळी पडायला लागली असतील. ठाकर-कातकरी बायका तीच करवंदं पानांच्या द्रोणांत घालून नेरळ-कर्जतला विकायला बसतात. तुझ्या नकाशात या जाळ्यांवर फुली आहे. ती खोड. करवंदीच्या काट्यांमुळे गुरं-शेळ्या आत तोंड घालत नाहीत, त्यामुळे जाळीच्या पोटात ऐन, कुडा, जांभूळ अशी रोपं बिनघोर वाढतात. जरा फांद्या बाजूला करून बघ, म्हणजे नर्सरीचं निम्मं बिल वाचेल.

कुड्याचं नाव आलंच आहे, तर तो मला फुलझाडांत सगळ्यांत आवडतो हे कबूल करून टाकते. पांढरा कुडा वैशाख-ज्येष्ठात फुलतो. नवी पालवी येत असते आणि फांद्यांच्या टोकांना पांढरे घोस लटकतात. वास मंद असतो, सकाळी जास्त जाणवतो. त्याच्या फुलांची भाजी होते, किंचित कडसर, पण उकडून पाणी पिळून टाकलं आणि कांदा सढळ घातला की छान लागते. साल पोटाच्या विकारांवर जुन्या काळापासून वापरात आहे. कुटजारिष्टातला कुटज तो हाच, आणि इंद्रजव म्हणतात ते याचंच बी. त्याचा शेजारी काळा कुडा. त्याला ओळखायची सोपी खूण म्हणजे शेंगा. दोन्ही कुड्यांना शेंगा जोडीनेच येतात, पण काळ्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. दोघेही मुरमाड, उतरत्या, कोणी ढुंकून बघणार नाही अशा जमिनीत मजेत वाढतात. फार्महाऊसच्या बागेत मी कुडा लावलेला आजवर बघितला नाही. तोडलेला मात्र पुष्कळदा बघितला आहे.

गेळही तसाच. काट्यांचं छोटं झाड, फूल उमलतं तेव्हा पांढरं, मग पिवळं पडत जातं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. गणेर, म्हणजे सोनसावर, हिचा सोनेरी बहर मात्र चैत्रातच आटोपलेला असतो. ती तुझ्या कातळावर नसली तर बी टाकायला हरकत नाही. अगदी उघड्या खडकाळ उतारावर, पानं झडलेल्या फांद्यांच्या टोकांना पिवळीधमक फुलं, असं तिचं रूप असतं. साहेबांना ती नक्की आवडेल, कारण ती लांबून दिसते.

तू विचारशील, एवढ्या रखरखाटात ही झाडं फुलायचा उद्योग करतातच कशाला. पाऊस पडल्यावर निवांत फुलावं की. पण पावसात फुलून चालायचं कसं? इथला पाऊस तुला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर कोसळतो, माथेरानवर तर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. त्या माऱ्यात पराग धुऊन जातो आणि मधमाशी बाहेर पडत नाही. शिवाय आंबा, जांभूळ, करवंद यांच्या बियांना मृगाच्या तोंडावर जमिनीत पडायचं असतं, म्हणजे ओल मिळताच रुजता येतं. उलट मोजत आलीस की फुलायची वेळ उन्हाळ्याआधी किंवा ऐन उन्हाळ्यातच येते. पानं झडलेली असली की वारा आरपार जातो आणि किड्यापाखरांना फूल लांबूनही सापडतं. पाणी कुठून येतं म्हणशील, तर मोठ्या झाडांच्या मुळ्या कातळाच्या फटींतून खोल गेलेल्या असतात आणि लहानांनी कांद्यांत नि गड्ड्यांत साठवलेलं असतं. सगळ्यांचं गणित असं एकसारखं नसतं. कुडा उन्हाळ्यात फुलतो, पण शेंगा पिकवायला त्याला थंडी उजाडते. पण फुलायला ऊन लागतं यावर बहुतेकांचं एकमत.

आता झाडीचं. तुझ्या प्लॉटच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी जी राई आहे, तिला नकाशात तुम्ही ‘वुडलँड गार्डन’ म्हटलंय. त्यासाठी काय करायचं ते कळायला आधी एकदा राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याच्या लेण्यांकडे जाणारी वाट चाल. मे महिन्याच्या शेवटी, सकाळी लवकर. लेणी बघायची तर जरूर बघ, दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, पण माझं लक्ष वाटेकडे असतं. आधी कुसरीचा वास येतो. कुसर म्हणजे रानातली जाई समज. वेल झाडांवर चढलेला, अरुंद पाकळ्यांची पांढरी फुलं, आणि वास असा की मोगऱ्याने बाजूला व्हावं. मग पायाखाली कुंभ्याचे पुंकेसर. कुंभा रात्री फुलतो, आणि सकाळी त्याचे पांढरे-गुलाबी केसरांचे झुबके खाली पडलेले असतात. बहर खरा मार्च-एप्रिलचा, पण एखादं आळशी झाड मागे राहिलेलं सापडतं. मान वर केलीस तर ऐनाच्या किंवा आंब्याच्या फांदीवर आमरी दिसेल. मे सरता सरता सीतेची वेणी फुलते. गुलाबी ठिपक्यांची दाट फुलं गुंफलेला तुरा, फांदीवरून खाली लोंबणारा. आसामात हिलाच कोपौ म्हणतात, तिथे बिहू नाचणाऱ्या मुली ती अंबाड्यात माळतात आणि ती त्यांचं राज्यफूल आहे. आपल्याकडे तिला वेणी म्हणतात खरं, पण माळताना मी कुणाला पाहिलं नाही.

ही आमरी झाडावर बसलेली असली तरी झाडाचं काही खात नाही. तिची मुळं हवेत असतात, त्यांच्यावर पांढुरकं स्पंजासारखं आवरण असतं, आणि पावसाचं, दवाचं पाणी ते टिपून घेतं. बी धुळीइतकं बारीक. त्यात अन्नाचा साठा नसतो, त्यामुळे ठरावीक बुरशीची सोबत मिळाली तरच रुजतं. म्हणून सांगते, कोणी ‘जंगलातून काढून आणून देतो, जोडीला इतके रुपये’ म्हणून आला तर त्याला वाटेला लाव. तो आणेल, तुम्ही नारळाच्या सोडणाला बांधाल, एखादं वर्ष जगेल. आणि राईतलं वठायला आलेलं जुनं झाड असेल तर ते पाडू नका. आमरी असलीच तर तिथेच असेल.

झाडीच्या तळाशी काय असतं, हे मात्र पहिला वळीव पडल्याशिवाय कळत नाही. तोवर नुसता पाचोळा. तो तुमचा माळी झाडून जाळणार, हे मला माहीत आहे. त्याला आवर, कारण त्याच्याखाली सगळी मंडळी निजलेली असतात. भुईचाफा पानं नसताना थेट जमिनीतून फूल काढतो, पांढरं आणि जांभळं, मातीला टेकलेलं, आणि फुलानंतर पानं. रानहळदीचा तुरा पहिल्या सरींबरोबर येतो. एक भुईआमरी तर आधी नाजूक फूल दाखवते, ते सरल्यावर एकुलतं एक गोल पान वर धाडते आणि वर्षभराचा संसार त्या एका पानावर करते.

आणि शेवळं. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, नाहीतर साहेबांना धक्का बसेल. वळवाच्या पावसानंतर पाचोळ्यातून टोकदार, ठिपक्यांच्या देठाचा कोंब वर येतो. तो उलगडला की तपकिरी-जांभळं, एका बाजूने उघडं असं आवरण दिसतं आणि मधोमध उभा दांडा. खरी फुलं त्या दांड्याच्या बुडाशी, अगदी बारीक. तळाला मादीफुलं, त्यांच्यावर नरफुलं, आणि वरचा सगळा लांब भाग नुसता वास पसरवायला. वास सडक्या मांसाचा असतो. भुंगेरे आणि माश्या त्याला भुलून येतात. मादीफुलं आधी तयार होतात, नरफुलांचा पराग नंतर सुटतो, त्यामुळे आलेला किडा दुसऱ्या शेवळावरचा पराग घेऊन आला असेल तरच काम होतं. बंगल्याच्या व्हरांड्यापासून शेवळं लांब ठेव, एवढाच व्यवहारी सल्ला.

न उघडलेलं शेवळ मात्र आपल्याकडे पक्वान्न. बाजारात जुड्या येतात त्या याच कोवळ्या कोंबांच्या. बुडाचा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि काकडाच्या आंबट हिरव्या फळांचं पाणी घालून शिजवायचं. आंबट कमी पडलं की घसा असा खाजतो की जन्मभर आठवण राहते. निसर्गाची सोय बघ, काकडाचं झाड त्याच रानात असतं आणि त्याची फळंही त्याच पंधरवड्यात तयार होतात. कायस्थ प्रभूंच्या घरी शेवळात कोलंबी घालतात. जाणत्या बायका शेवळं खुडताना गड्डा जमिनीतच ठेवतात, म्हणजे पान येतं आणि पुढच्या वर्षीची सोय होते. अलीकडे मुंबई-पुण्याला ‘रानभाजी’ म्हणून मागणी वाढली आहे आणि गड्ड्यासकट उपटून नेणारेही निघाले आहेत. त्यांच्याबद्दल मला जे वाटतं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

या सगळ्याची नोंद कुणी केली की नाही, असं तुला वाटेल. केली आहे, आणि तुझ्या कामाची आहे. हर्बर्ट बर्डवुड म्हणून मुंबई हायकोर्टाचे एक न्यायमूर्ती होते. त्यांनी माथेरान आणि महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी करून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली, एकोणिसावं शतक सरताना. माथेरान ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने १८५० मध्ये साहेबलोकांच्या नजरेला आणलं, म्हणजे गिरिस्थान होऊन तेव्हा पुरतं अर्धशतकही झालं नव्हतं. चैत्राच्या सुमारास तिथे अंजनी फुलते. जुन्या फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ येतात, पानांच्या खाली, सावलीत. झाडाखालून न बघता पुढे गेलीस तर हुकलीच. नोंद करणाऱ्यांतलं दुसरं नाव फादर सांतापाव यांचं. स्पेनमधून आलेले जेझुइट, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवत, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. खंडाळा म्हणजे आपल्या खोपोलीचा घाट चढला की आलंच. तुझ्या ऑफिसात विलायती कॅटलॉग आहेत, तशी या ग्रंथाची एक प्रत मागवायला सांग. त्यात प्रत्येक झाड कधी फुलतं हे दिलेलं असतं, आणि तुला हवं आहे ते तेच.

आता कामाचं बोलते. तुझ्या नकाशावर मी पेन्सिलीने बरंच काही खोडलंय, राग मानू नको. इर्शाळगडाच्या बाजूच्या चढावर तुम्ही भिंत घालून सपाटी करायचं योजलंय. इर्शाळगडाचं नाव घेतलं की आता १९ जुलै २०२३ ची, दरड कोसळली ती रात्र आधी आठवते, फुलं मागाहून. डोंगराच्या पायाला हात लावण्याआधी भूगर्भशास्त्रातल्या जाणकाराला विचार. शिवाय ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आहे. तुमचा सर्व्हे नंबर त्यात येतो का, ते आधी बघून घ्या. हे साहेबांनी बघायला हवं होतं, पण ते पुण्यात बसतात.

लॉन हवंच असेल तर घरापुढे चटईएवढं करा. बाहेरची माती कातळावर टाकू नका, तिच्याबरोबर घाणेरीचं आणि रानमोडीचं बी येतं, मग दहा वर्षं उपटत बसावं लागतं. राईत असलेली घाणेरी मात्र मुळासकट काढा, तिथे माझी काही हरकत नाही. दिवे कमी ठेवा. मे अखेरीला याच झाडांवर काजवे चमकायला लागतात, त्यांच्या नर-माद्यांचं सगळं बोलणं उजेडातून चालतं, आणि खांबाखांबावर फ्लडलाइट लावलेत तर त्यांना एकमेकांचं दिसणार कसं? त्यांची अळी गोगलगायी खाते, तीही त्याच पाचोळ्यात. म्हणून पाचोळ्याचं पुन्हा सांगते.

वणव्याची भीती मात्र खरी आहे. होळीपासून डोंगराला कोणी ना कोणी काडी लावतंच. कुंपणाच्या आतून पट्टाभर गवत थंडी सरताच कापून घ्या, बाकीचं राहू द्या.

नवीन काही लावायचंच तर ओढ्याच्या काठी ताम्हण लावा. आपलं राज्यफूल आहे, मे महिन्यात जांभळं होतं आणि पाण्याजवळ खूश असतं. वरच्या मुरमाड बाजूला बहावा. त्याचं बी फार टणक, जरा घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं तर लवकर रुजतं. बहावा फुलल्यावर दीड महिन्याने पाऊस येतो असं म्हणतात. मी त्यावर कधी छत्री काढली नाही, पण गावात विश्वास ठेवणारे पुष्कळ आहेत. गुलमोहराचा हट्ट धरला तर एक लावू द्या. मादागास्करचं झाड आहे, आपल्या किड्यापाखरांना त्याचा फारसा उपयोग नाही, पण मे महिन्यातला त्याचा लाल रंग बघून मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

साहेब म्हणतील की असं केलं तर यात आपण केलं काय आणि बिल कशाचं लावायचं. त्यांना सांग, एक वर्षभर जागेची पाहणी करून महिनावार फुलांची वही करून देण्याचं बिल लावा. मोठमोठ्या शहरांत त्याला पैसे मिळतात असं तूच मागे म्हणालीस. मालक उन्हाळ्यात सुट्टीला येतील तेव्हा संध्याकाळी त्यांना कातळावर नेऊन रानकांदा उमलताना दाखव. आवडला तर ठीक. नाही आवडला आणि त्यांनी गोटेच मागवले, तर तुझा इलाज नाही, नोकरी आहे. पण निदान तू बघितलेलं असेल.

जेसीबीवाल्याची तारीख काय ठरली ते कळव. त्याच्या आधीच्या शनिवारी ये, पुण्याहून येणारी जी गाडी कर्जतला थांबते तिने. येताना रंगीत कापडाच्या चिंध्या आणि चुन्याची पुडी आण. कातळावर जिथे दांडे दिसतील तिथे चुन्याच्या खुणा करू आणि जाळ्यांतल्या रोपांना चिंध्या बांधू, म्हणजे मशीन चालवणाऱ्याला ‘दिसलं नाही’ म्हणता येणार नाही. तोवर वळीव झाला असला तर बाजारात शेवळं आलेली असतील, करीन. काकडं मात्र तुला तोडून आणावी लागतील, माझा हात आता त्या फांदीपर्यंत पोचत नाही.

तुझी,
आजी